टँटी वेल्डाचा नंबर

नाव तोंडातून गेलं आणि मग झेनेलला कळलं आपण काय वाचलं ते. हातात गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिराच्या कार्डांचा गठ्ठा, समोर शाळेच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेलं अख्खं लेस्तेर गाव, आणि ती सकाळपासून मशीनसारखी वाचत सुटली होती. कार्डावर लाल टिकली असेल त्यांना आधी बोलवायचं, असं मिशनच्या नर्स मॉरीननं सांगितलेलं, म्हणून डोकं बाजूला ठेवून नुसती नावं. मार्था एनो. डॅनियल बेथेल. फिलोमेन कयेन. वेल्डा कुडजो. आणि तिसऱ्या बाकावरनं, खिडकीकडच्या टोकाला जिथं उन्हाचा पट्टा पडला होता तिथनं, कुणीतरी म्हणालं, "आहे, आहे. जरा दम धर."

टँटी वेल्डाला, झेनेलच्या मावशीला, जाऊन अकरा महिने झाले होते.

सगळ्या माना एकदम त्या बाजूला वळल्या, म्हणजे ऐकलं होतं सगळ्यांनीच. बाकाच्या त्या टोकाला कुणी नव्हतं. आवाज मात्र ओळखीचा, ओठांत टाचण्या धरून बोलणाऱ्या बाईचा, अर्धे शब्द दातांच्या मागंच राहणारा. एक लहान पोरगं फिस्सकन हसलं, त्याच्या आईनं त्याच्या मांडीला चिमटा काढला. कझिन लिस्त्रानं छातीवर क्रूस काढला. "कोण बोललं ते?" झेनेलनं विचारलं, आणि तिचा आवाज चढला. घाबरली की तिचा आवाज चढतो आणि लोकांना वाटतं चिडली. "कोण आहे तो शहाणा? उठून उभा राहा ना, बघू दे तोंड!" कुणी उठलं नाही. म्हातारा कॉस्नेल, ज्याला काहीच झालेलं नसतं आणि जो दरवर्षी शिबिराला सगळ्यात आधी येऊन बसतो, तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "तूच बोलावलंस आणि आता तूच दमात घेतेस होय?"

"मी कुठं बोलावलं? कार्डावर होतं ते वाचलं."

"थडग्यावर दगड बसला नाही तिचा अजून. रविवारी बसायचाय. दगड बसायच्या आधी मेलेल्या माणसाला नावानं पुकारत नाहीत, एवढं तर शाळेत शिकवलं असेल तुला. हां, पण तू शाळेत होतीसच कुठं म्हणा."

लोक हसले, पण अर्धवट, तोंडावर हात ठेवून. लिस्त्रा मात्र हसली नाही. "आता आली आहे ती. सरका जरा, जागा करा तिला," ती म्हणाली, आणि ते सगळे खरोखर सरकले. कुरकुर न करता, नेहमीच्या सवयीनं, एखादी जाड बाई बसायला आली की सरकतात तसे. बाकावर बरोबर टँटीच्या कमरेएवढी जागा रिकामी झाली. तेवढ्यात नर्स मॉरीन नंबरचे पुठ्ठे वाटत आली. "वेल्डा कोण? आली का?" "आली की," लिस्त्रा म्हणाली, "पाय दुखतात तिचे, हळूहळू येते." नर्सनं धड बघितलंसुद्धा नाही. अकरा नंबरचा पुठ्ठा त्या रिकाम्या जागेवर ठेवून ती पुढं गेली.

झेनेल आपल्या टेबलावर जाऊन बसली. तिचं काम बीपी बघायचं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबायचा, नळ्या कानात घालून ठोके ऐकायचे, आकडा कार्डावर लिहायचा आणि माणूस फळ्यापाशी बसलेल्या डॉक्टर फर्गसकडं पाठवायचा. नर्सनं गेल्या वर्षी दोन तासांत शिकवलं होतं आणि झेनेलला ते लगेच आलं होतं, त्याचं नर्सला आश्चर्य वाटलं आणि झेनेलला राग आला. याच वर्गात, याच फळ्यासमोर, मास्तरनं फेकलेलं डस्टर तिनं उचलून परत मास्तरलाच मारलं होतं, तेही नेम धरून, आणि दप्तर न घेता घरी निघून गेली होती. त्याला आता सव्वा वर्ष झालं. शाळा सुटली आणि ऑगस्टात मिशनवाले आले तेव्हा घरात बसून टँटीची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून ती शिबिरात नाव देऊन आली. यंदा आली नसती. पण दोन दिवसांपूर्वी नर्स स्वतः दारात येऊन उभी राहिली, माझी हुशार मुलगी कुठंय म्हणून, आणि टँटीचा नवरा, अंकल एल्विन, आतून म्हणाला, "जाते ती. मीही येतो पाणी भरायला." मग नाही कसं म्हणणार? यायचं एकही कारण नव्हतं, आणि न यायचं एकच कारण होतं, आणि ते कारण फळ्यापाशी बसून लोकांच्या घशात बॅटरी मारत होतं. दोन दिवस डॉक्टर फर्गस तिच्याकडनं कार्ड घेत होता, थँक्यू म्हणत होता आणि ओळखत नव्हता. गेल्या वर्षी तिच्या पाठीवर लांब वेण्या होत्या. टँटी गेल्यावर तिनं त्या कापून टाकल्या. गावाला वाटलं दुःखानं.

पहिला नंबर झाला, बाकावरचे लोक एक जागा पुढं सरकले. आणि ती रिकामी जागाही सरकली. झेनेलनं डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं. लिस्त्रानं अकराचा पुठ्ठा उचलून पुढं ठेवला आणि मागच्या बाईनं मध्ये तेवढंच अंतर सोडलं, वीतभर कमी नाही, वीतभर जास्त नाही. दुसरा नंबर. परत सरकली. जागा उन्हाच्या पट्ट्यातनं सावलीत आली. झेनेलच्या कानात नळ्या होत्या, कुणाचे तरी ठोके पडत होते, आणि तिला वाटलं की ते ठोके समोरच्या बाईचे नाहीत, लांबून येताहेत, पायरी चढताना थांबत थांबत येणाऱ्या माणसासारखे. "किती आलं?" बाईनं विचारलं. तिला परत पट्टा फुगवावा लागला.

एक चिठ्ठी होती. एवढंच होतं सगळं. गेल्या ऑगस्टात याच खोलीत टँटीचं बीपी बघून डॉक्टर फर्गसच्या भुवया वर गेल्या होत्या, पण टँटीला कुठं दम! चुलीवर तूर शिजत ठेवलीय म्हणून ती शर्टाची बाही खाली ओढत निघूनही गेली. तेव्हा डॉक्टरनं चिठ्ठी लिहून झेनेलच्या हातात दिली. "तुझी मावशी ना? तिला आजच दे. ह्याच आठवड्यात बोट पकडायची म्हणावं." झेनेलनं वाटेतच ती वाचली. वर दोनशे दहा, खाली एकशे चोवीस. सात दिवसांच्या आत मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात जाणे. सोबत कुणीतरी पाहिजे, एकटीला पाठवू नये. तिला भारी वाटलं होतं. आपल्या हातात काहीतरी महत्त्वाचं आहे, आपण ते घेऊन चाललोय असं. घराच्या ओट्यावर टँटी लिस्त्राच्या झग्याला टाचण्या लावत होती, आणखी दोघीजणी नंबर लावून बसल्या होत्या, आणि झेनेलनं पायरीवर पाय ठेवायच्या आत टँटी टाचण्यांमधनं म्हणाली, "आल्या बघा डॉक्टरीणबाई. पुस्तक उचलायला हात मोडतात, आणि लोकांच्या लघवीच्या बाटल्या कशा मिरवत नेते बघा." तिघी हसल्या. लिस्त्रा तर इतकी हसली की एक टाचणी तिच्याच मांडीत घुसली. झेनेलचा हात खिशात होता. चिठ्ठी बोटांत होती. तिनं हात रिकामाच बाहेर काढला.

संध्याकाळपर्यंत देणार नाही, असं तिनं ठरवलं. बस जरा. संध्याकाळी टँटीनं माशाचं डोकं तिच्या ताटात वाढलं, जे टँटी बापजन्मात कुणाला देत नसे, आणि त्याचाही तिला राग आला, कारण एका डोक्यात टँटीनं सगळं मिटवून टाकलं, माफी न मागता. उद्या देईन. उद्या उठून बघते तर जीन्स तारेवर वाळत होती. टँटीनंच धुतलेली. टँटी त्या खिशातून कागदाचा पांढरा लगदा नखानं खरवडून काढत होती आणि म्हणत होती, "खिसे बघत जा की गं. कसला कचरा भरून ठेवतेस!" तिनं तो लगदा बोटानं झटकला. कोंबड्या धावत आल्या, खायचं नाही म्हणून निघून गेल्या. तेव्हा तोंडानं सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण मग चिठ्ठी कुठंय, काल का नाही सांगितलंस, हे आलं असतं, आणि पुन्हा ओट्यावर तिघींसमोर त्याचं सोंग झालं असतं. परवा. तेरवा. आठवडा गेला आणि टँटी तर ठणठणीत दिसत होती, शिव्या देत होती, मशीन मारत होती, म्हणजे डॉक्टर लोकांचं काय, ते सगळ्यांनाच घाबरवतात. तिसऱ्या आठवड्यात टँटी मशीनवर डोकं ठेवून बसलेली सापडली. सुईखाली अर्धी बाही होती. झेनेलला वाटलं झोपली, म्हणून ती चार पावलं लांबूनच ओरडली, "चहा झाला का?"

चौथा नंबर. पाचवा. रिकामी जागा आता पहिल्या बाकावर आली होती आणि तिच्या शेजारी कॉस्नेल होता, दहा नंबरचा. तो मध्येच त्या जागेकडं मान वळवून हळूच काहीतरी विचारायचा, थांबायचा, आणि मान हलवायचा. लिस्त्रा पलीकडून पुठ्ठ्यानं वारा घालत होती, थोडा स्वतःला, थोडा शेजारी. कुणी घाबरलेलं नव्हतं, हेच झेनेलला सगळ्यात घाणेरडं वाटत होतं. ह्या लोकांना टँटी अकरा महिने भेटतेच आहे. लिस्त्राच्या स्वप्नात आली आणि सॉरेलचं सरबत मागून गेली, लिस्त्रानं दुसऱ्या दिवशी थडग्यावर ओतलं. कॉस्नेलच्या स्वप्नात येऊन तुझी विजार उसवलीय म्हणाली. खरंच उसवली होती. अंकल एल्विनच्या स्वप्नात ती येते आणि पाठ करून मशीनवर बसते, वळत नाही. झेनेलच्या स्वप्नात एकदाही नाही. ती उशाशी पाणी ठेवते, डोळे मिटून नाव घेते, पहाटे उठते तर डोक्यात काही नाही, पुसलेला फळा. रुसलेलं माणूस येत नाही, असं लिस्त्रा म्हणाली होती, झेनेलकडं न बघता. आणि रविवारी दगड बसला की टँटी कुणाकडंच येणार नाही. मग तिला काही सांगायचं राहिलं असेल तर राहिलं. तिचं बोलणं संपलं, आपलंही.

दगड मंगळवारी बोटीतून आला. चौघांनी उचलून आणला आणि रीतीप्रमाणं टँटीच्या पलंगावर निजवला, वर पांढरी चादर. रविवारपर्यंत तो दगड नाही, ती घरातली बाई आहे. अंकल एल्विन खुर्चीत झोपतो, त्यानं दगडाच्या डोक्याखाली उशी सरकवली. पलंग एका बाजूला दबलेला, टँटी झोपायची त्याच बाजूला, आणि आज सकाळी झेनेल पिना शोधायला तिथं गेली तर उशीला खळगा पडलेला होता. दगड उशीपासून वीतभर खाली घसरला होता. म्हणजे खळगा दगडाचा नव्हता. ती पिना न घेताच बाहेर आली. ओट्यावर अंकल बसला होता आणि समोरच्या बदामाखाली त्याची बोट. टँटी गेल्यापासून ती पाण्यात गेली नाही. फळ्या वाळून इतक्या उसवल्यात की आरपार गवत दिसतं. टँटी गेली तेव्हा तो तीन दिवस समुद्रावर होता. तेव्हापासून तो एकच वाक्य बोलतो, भिंतीशी, बकरीशी, ताटातल्या भाताशी. "मी असतो तर उचलून नेली असती तिला." दर वेळी झेनेलचं तोंड उघडतं. तिला माहीत आहे की ती बोलली तर त्या माणसाच्या छातीवरचं ते ओझं निघेल. पण तो तिला कोण लागतो? टँटी तिच्या आईची बहीण होती, हा नुसता टँटीचा नवरा. त्यानं दार दाखवलं तर जायला दुसरं दार नाही. आणि दाराचंही एक वेळ जाऊ दे. तो तिच्याकडं बघेल, तेव्हा काय बघेल? तोंड मिटतं. ती म्हणते, "अंकल, चहा देऊ का तुम्हाला?"

"एकशे तीस," ती कॉस्नेलला म्हणाली. "घोड्यासारखे आहात. उगाच का येता दरवर्षी?"

"बरं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं ना, पोरी," तो म्हणाला आणि उठला, पण डॉक्टरकडं गेला नाही. बाजूला होऊन काठी टेकून उभा राहिला. झेनेलच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी झाली. लिस्त्रानं पुढं होऊन अकराचा पुठ्ठा तिच्यावर ठेवला. बाहेर कुणीतरी बादलीत पाणी ओतत होतं.

"अकरा," नर्स मॉरीन म्हणाली. "वेल्डा? कुठं गेली आता ही?"

"घरचं माणूस बसतं तिच्या जागी," कॉस्नेल म्हणाला. "झेनेल, ऊठ. त्या बाजूनं ये."

"मी नाही बसणार. वेड लागलंय का तुम्हाला सगळ्यांना? पुढचा नंबर! बारा कोण आहे?"

बारा नंबरची बाई जागची हलली नाही. तेवढ्यात डॉक्टर फर्गस स्वतःच उठून आला आणि टेबलावरचं कार्ड उचलून चष्म्याखालून वाचायला लागला. "वेल्डा कुडजो. हो हो, हे आठवतंय मला. दोनशे दहा. मी चिठ्ठी लिहिली होती ना हिला? एका मुलीजवळ दिली होती, लांब वेण्यांची मुलगी..." आणि त्यानं मान वर केली. त्याची नजर बाकांवरून फिरायला लागली, एकेका मुलीच्या डोक्यावरून, आणि फिरत फिरत टेबलाकडं येऊ लागली. झेनेल उठली. टेबलाला वळसा घालून, पुठ्ठा उचलून, त्या खुर्चीवर बसली. एवढ्या झटक्यात की खुर्ची करकरली.

ती बसली ते थापा मारायला. हे तिला वळसा घालतानाच सुचलं होतं आणि इतकं सोपं होतं की आधी कसं सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं. टँटी बोलणार, म्हणजे टँटी म्हणणार, मिळाली होती चिठ्ठी, मीच गेले नाही, शिवणाचं काम पडलं होतं. सगळ्यांना पटेल. टँटी तशीच होती. अंकलच्या डोक्यावरचं उतरेल, तिच्याही. मेलेल्या बाईला काय फरक पडतो? "विचारा, डॉक्टर," कॉस्नेल म्हणाला. "पण वेल्डाला विचारा, हिला नाही." डॉक्टर अकरा वर्षं इथं येत होता. या गावात कुठं हुज्जत घालू नये, हे त्याला कळलं होतं. त्यानं खुर्ची ओढली, पट्टा घेतला आणि झेनेलच्या दंडाला गुंडाळला. पट्टा फुगायला लागला. दंड आवळत गेला, आणखी, आणखी, आणि तिला वाटलं की हा दंड आपला नाही, जास्त जाड आहे, पट्टा पुरत नाहीये. डॉक्टरनं आकडा बघितला. फुगा सोडला, परत दाबला. मग कार्डाकडं बघितलं, आणि बोटानं मशीनच्या काचेवर टिचकी मारली. "दोनशे दहा," तो स्वतःशीच म्हणाला. "खाली एकशे चोवीस. तोच आकडा." नर्स पुढं आली, तिला त्यानं हातानं थांबवलं. "वेल्डा, तुम्हाला मोठ्या बेटावर जायला सांगितलं होतं. चिठ्ठी मिळाली होती ना?"

मिळाली होती. जिभेवर तयार होतं. झेनेलनं तोंड उघडलं आणि ओठांच्या कडेला काहीतरी बारीक, थंड, टोकदार लागलं.

"कसली चिठ्ठी?" ती म्हणाली.

आवाज दातांच्या मागून आला होता. लिस्त्राच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा थांबला.

"मला कुणी चिठ्ठीबिठ्ठी दिली नाही. मला कुणी काही सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर गेले नसते काय? मला काय मरायची हौस होती?"

दारात बादली टेकल्याचा आवाज झाला. अंकल एल्विन उभा होता, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, ओले. तो किती वेळचा उभा होता कोण जाणे. तो आत आला, मध्ये आलेले लोक बाजूला झाले, आणि तो खुर्चीसमोर येऊन थांबला. अकरा महिन्यांत त्यानं झेनेलच्या तोंडाकडं सरळ बघितलं नव्हतं. आता बघत होता, पण तिच्याकडं नाही.

"वेल्डा," तो म्हणाला. "मी समुद्रावर गेलो नसतो तर?"

"तर काय केलं असतंस रे तू?" अंकलला झेनेल जन्मात कधी अरे म्हणाली नव्हती. "तुला तरी कुठं माहीत होतं? माझं मलाच माहीत नव्हतं. वर्षभर भिंतीशी काय बोलत बसलायस खुळ्यासारखं! फळ्या बघ बोटीच्या, काय दशा केलीस."

अंकल एल्विनची हनुवटी हलली. तो हसला की काय झालं, कळलं नाही. मग त्यानं विचारलं, "चिठ्ठी कुणाजवळ होती?"

झेनेल आतून धडका देत होती, ओठ मिटायला बघत होती, एवढं तरी सांगू नकोस, टँटी, मी पाया पडते, हवं तर रोज स्वप्नात येऊन मार, पण इथं नको, ह्याच्यासमोर नको.

"ते मला काय विचारतोस?" टँटी म्हणाली. "जिच्याजवळ होती तिला विचार. सतरा वर्षांची घोडी झालीय. तोंड आहे तिला."

आणि गेली. झेनेलला ते स्पष्ट कळलं, अंगातनं कुणी उठून जावं तसं. खुर्ची एकदम कडक लागायला लागली, दंड बारीक झाला, पट्टा सैल पडला. ओठांवर काही नव्हतं. फळा होता, त्यावर मुलांनी काढलेलं जहाज होतं, बाकांवर लोक होते आणि समोर अंकल एल्विन होता, आणि आता तो तिच्याकडंच बघत होता. पळता आलं असतं, दार उघडं होतं. शिव्या देता आल्या असत्या, त्या तिला नेहमी येतात. "माझ्याजवळ होती," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला फार बारीक वाटला. "मी दिली नाही. टँटी मला सगळ्यांसमोर बोलली म्हणून. मग ती जीन्समध्ये धुतली गेली. मग मी... मग मी सांगितलंच नाही."

"काय लिहिलं होतं?"

तिनं सांगितलं. शब्दन् शब्द पाठ होता. दोनशे दहा, एकशे चोवीस, सात दिवसांच्या आत, सोबत कुणीतरी पाहिजे, एकटीला पाठवू नये. अंकल एल्विन ऐकत होता आणि त्याची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती. सहा मिटली आणि थांबली.

"सहा दिवस मी घरीच होतो," तो म्हणाला. "जाळं शिवत होतो. बोट पाण्यात होती."

तेवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, झेनेलला ओरडणाऱ्या माणसांची सवय होती. लिस्त्रा तोंडात पदरासारखा रुमाल कोंबून रडायला लागली होती, म्हणत होती, मी हसले होते, मीही हसले होते. डॉक्टरनं चष्मा काढला होता आणि तो कुणाकडंच बघत नव्हता. अंकल एल्विननं खाली वाकून झेनेलच्या दंडावरचा पट्टा सोडवला, माशाच्या गालातून गळ काढतात तसा, सावकाश, न फाडता.

"ऊठ," तो म्हणाला. "लोक थांबलेत."

ती उठली. तिला वाटलं आता दार. पण तो तिच्या जागी त्या खुर्चीवर बसला. दोन दिवस तो शाळेत पाणी भरत होता आणि दोन्ही दिवस नर्सनं बोलावूनही इकडं फिरकला नव्हता. त्यानं ओली बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर. "लाव."

"डॉक्टर बघतील, अंकल, मी नको."

"तू लाव."

तिनं पट्टा गुंडाळला. दोनदा निसटला. नळ्या कानात घातल्या आणि सगळं जग बंद झालं, रडणं, बादल्या, समुद्र, सगळं. नुसता तो म्हातारा दंड राहिला. तिनं फुगा दाबला आणि सावकाश सोडला, आणि ठोका आला. फार वरनं आला. तिच्या अपेक्षेच्या खूप वरनं, दारावर कुणी मुठीनं मारावं तसा, आणि काटा खाली येत राहिला तरी थांबेना. तिनं आकडा बघितला. तो फक्त तिला दिसत होता. काट्याचं तोंड तिच्याकडं होतं.

"किती?" अंकल एल्विननं विचारलं.

"जास्त आहे," ती म्हणाली. "एकशे अठ्ठ्याण्णव. खाली एकशे सोळा. आजच जायला पाहिजे, अंकल. आजच्याच बोटीनं. मी येते सोबत."

तो मान वाकडी करून तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मला ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "मोठ्यानं सांग."

ऐकू आलं होतं त्याला. तरी तिनं सांगितलं, इतक्या मोठ्यानं की शेवटच्या बाकावरचं पोर दचकून उठलं आणि बाहेर नळावरच्या बायकांनी नळ बंद केला.